दातांनी उचललेला हात

स्नायूला आवाज असतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या मांसल उंचवट्यावर दोन चकत्या चिकटवल्या, त्यांच्या तारा यंत्राला जोडल्या आणि भोंगा सुरू केला, की तो ऐकू येतो. माणसाने बोट किंचित जरी ताणले तरी ओल्या लाकडाने पेट घेताना तडतडावे तसा आवाज होतो. हात पुरता सैल सोडला, की ती तडतड विझत जाते आणि मागे उरते ती केवळ एक मंद घरघर, रिकामा शंख कानाशी धरल्यावर ऐकू येते तशी. आमच्या प्रयोगशाळेतले सारे काम या शांततेवर उभे होते. हात गप्प झाला, की मगच मी माणसाच्या डोक्यावर तारांचे वेटोळे धरीत असे आणि पायाखालचा खटका दाबीत असे. चुंबकाचा ठोका कवटीतून आत जाई, हाताला हुकूम सोडणारा मेंदूचा कोपरा क्षणभर जागा करी, आणि तो हुकूम मानेतून, खांद्यातून उतरत बोटापर्यंत पोचला की बोट उडे. ते किती उशिराने उडाले, किती जोरात उडाले, आणि त्याला उडवायला ठोका केवढा द्यावा लागला, एवढेच आम्ही मोजत होतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या माणसाच्या मज्जातंतूंवरचे वेष्टण जागोजागी विरत जाते. हुकूम निघतो, पण वाटेत अडखळतो. कधी पोचतच नाही. आमच्या प्रमुख, डॉक्टरीणबाई दानित्सा मिहालिच, म्हणत, की हा आजार उत्तरेपेक्षा देशाच्या पार दक्षिण टोकाच्या आमच्या पुंता अरेनासमध्ये अधिक दिसतो आणि त्याचे कारण कोणालाही नीटसे उमगलेले नाही. गावातल्या लोकांना मात्र कारण ठाऊक होते. ते म्हणत, वारा.

वाऱ्याच्या अशाच एका दिवशी अबेलार्दो ओयार्सो पहिल्यांदा आला. नाक्यानाक्यावर पालिकेने दोर बांधले होते, आणि त्यांना धरून माणसे रस्ता ओलांडत होती. खिडकीतून मी पाहिले, की एक रुंद खांद्यांचा माणूस दोराला फक्त डाव्या हाताने धरून येतो आहे आणि त्याची बायको त्याच्या उजव्या बाजूने, अगदी अंगाला लागून चालते आहे. उजवा हात कोटाच्या खिशात होता. तो खिशात घातलेला नव्हता, ठेवलेला होता.

"नाव काय रे तुझं?" खुर्चीत बसताच त्याने विचारले.

"निकानोर."

"बस्स? पुढं काही नाही? एर्मिंदा, बघ गं, हा तर मुका निघाला. मुक्याच्या हातून डोक्यावर वीज पाडून घ्यायची वेळ आली माझ्यावर."

"बरं झालं की," एर्मिंदाबाई म्हणाल्या, "एवढ्या वर्षांनी कुणीतरी तुझं सगळं ऐकून घेणारं भेटलं."

तेव्हापासून मी त्याच्यासाठी मुक्याच झालो. मला त्याचा राग आला नाही. माझ्या लाजरेपणाला इतक्या प्रेमाने कोणी नावच ठेवले नव्हते.

तो मेंढ्यांची लोकर कातरणारा होता. वसंत सरता सरता कातरणाऱ्यांच्या टोळ्या ट्रकांतून सामुद्रधुनीपलीकडच्या बेटावर जातात आणि उन्हाळाभर एका मेंढवाड्यातून दुसऱ्या मेंढवाड्यात फिरत राहतात. त्याचे वडील त्या टोळीत होते, आजोबा होते. चकत्या चिकटवण्यासाठी मी त्याच्या हाताची पाठ घासून स्वच्छ करीत असताना तो मला आपली विद्या सांगे.

"मेंढीनं लाथ झाडली तर आधी काय सोडायचं, सांग बघू."

"मेंढी?"

"चुकलास! मेलास! कातर, लेका, कातर. विजेवर चालणारी कातर ती, तिला मांडी आणि मेंढी सारखीच. हात उघडायचा आणि कातर खाली पडू द्यायची. हे पहिलं. बाकी सगळं नंतर. जो मेंढी सावरायला जातो त्याचं रक्त फळ्यांवर सांडतं."

त्याच्या उजव्या मांडीवर पँटखालून एक लांबट वळ जाणवत असे. मी विचारले नव्हते, तरी तो म्हणाला, "गेल्या हंगामात खिळा लागला." एर्मिंदाबाई तेव्हा खिडकीबाहेर पाहत होत्या.

त्या पहिल्या दिवशी त्याचे बोट हलले, पण फार मोठा ठोका दिल्यावर, आणि तेही झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखे. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावरची रेघ पाहिली आणि त्याला शांतपणे समजावले, "हा उपचार नाही हं, अबेलार्दोभाऊ. आजार कुठवर आलाय ते आम्ही नुसतं बघतोय. औषध वेगळं चालू आहे."

"बघा की. पण बघता बघता बोट हललं ना?"

"ते आम्ही हलवलं."

"कुणी का हलवेना. मुकादम रुपेर्तोला मी शब्द दिलाय. यंत्रानं हो म्हटलं तर मी या हंगामाला येणार."

"यंत्र हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही."

"तुम्हाला म्हणत नसेल," तो हसला, "माझ्याशी बोलेल."

आम्ही सगळेच त्या वाक्यावर हसलो. डॉक्टरीणबाईंनी त्याला हेही सांगितले, की उष्णता ही या आजाराची वैरीण आहे. अंग तापले की झिजलेल्या तारा पुरत्या गप्प होतात, आणि मेंढवाड्यातल्या घामाघूम कामात हात केव्हा दगा देईल याचा नेम नाही. तो मान डोलावत ऐकत राहिला, पाहुण्याने यजमानाच्या पोरांचे कौतुक ऐकावे तसा.

दुसऱ्या खेपेला मी वेटोळे त्याच्या डोक्यावर धरले, आणि खटका दाबणार इतक्यात भोंग्यात ठिणग्या उडाल्या. बोट मोठ्या डौलाने उसळले. डॉक्टरीणबाई हसू लागल्या.

"लबाडी चालायची नाही, भाऊ. हात बोलतोय तुमचा."

"मी कुठं काय केलं?"

"बोट ताणलंत. ताणलेला स्नायू अर्ध्या वाटेत येऊन उभा असतो. मग त्याला हलकी हाकसुद्धा पुरते. आम्हाला झोपलेला स्नायू हवा. हा भोंगा त्यासाठीच आहे."

अबेलार्दोने भोंग्याकडे पाहिले. पत्त्यांचा डाव खेळणारा माणूस समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो, तसे पाहिले.

"म्हणजे हा सगळ्या अंगाचं ऐकतो?"

"नाही हो. फक्त हाताचं."

"फक्त हाताचं," तो पुटपुटला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझ्यापेक्षा बराच बहिरा आहे की हा, मुक्या."

हिवाळा गेला. खिडकीखालची सामुद्रधुनी शिशासारखी होती ती हळूहळू निवळली. अबेलार्दो दर महिन्याला येत होता, आणि दर महिन्याला त्याचे बोट लहानशा ठोक्याला, अधिक लवकर आणि अधिक उंच उसळत होते. भोंगा पूर्ण शांत असे. मी कान देऊन ऐके. एक ठिणगीही नसे. डॉक्टरीणबाई पडद्यासमोर उभ्या राहत आणि त्यांच्या थकलेल्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेला उजेड येई. आमच्या साऱ्या रुग्णांच्या रेघा खाली चालल्या होत्या, फार तर जागच्या जागी थांबल्या होत्या. हा एकटाच वर चढत होता. "औषध लागू पडतंय," त्या म्हणत, आणि मग स्वतःलाच बजावत, "पडत असावं."

मला आनंद व्हायला हवा होता. पण वेटोळे धरायला मला त्याच्या मागे, कानाशी उभे राहावे लागे, आणि तिथून मला असे काही दिसे जे समोरून कोणाला दिसत नव्हते. ठोका देण्यापूर्वी यंत्र बारीकसा सूर काढून भरत जाते. तो सूर सुरू झाला, की अबेलार्दोच्या कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात, कातडीखाली एक गोळी वर सरके आणि तिथेच थांबून राही. ठोका पडला की ती विरघळून जाई. मी समजलो, भीती असेल. मोठमोठे लोक त्या खुर्चीत घाबरतात. तरीही त्या गोळीकडे पाहताना मला उगाच, बंद दारामागे कोणी श्वास रोखून उभे असल्यासारखे वाटे.

ट्रक सुटायचा सोमवार जवळ आला तेव्हा एर्मिंदाबाई एकट्याच आल्या. डॉक्टरीणबाई वॉर्डात होत्या. एर्मिंदाबाई दालनात न येता बाहेरच्या बाकावर बसल्या आणि मलाही बसायची खूण केली.

"तुला विचारते, कारण तू बडबडत नाहीस," त्या म्हणाल्या. "त्याचा हात खरंच बरा होतोय का रे?"

"रेघ वर चाललीय," मी म्हणालो.

"रेघ राहू दे. झोपेत दात खातो तो. इतके, की मला जाग येते. मध्यंतरी दाढ तुटली. म्हणाला, बटाटा खाताना तुटली. बटाट्यानं दाढ तुटते का रे कधी?"

त्यांचे बोलणे अडले नाही. ते फार दिवस साठले होते.

"स्वयंपाकघरात टेबलाशी बसतो. हात समोर ठेवतो, मेलेला मासा ठेवावा तसा. मग दात आवळतो, आणि बोट उचलतं. 'बघ, येतंय,' म्हणतो. येतं, मी पाहिलंय. पण हसताना, जेवताना, तोंड उघडं असताना कप पडतो. घरात एक कप धड राहिला नाही. गरम पाण्यानं अंघोळ झाली की शर्टाची बटणं मी लावते, आणि तो भिंतीकडं बघत उभा राहतो. बरा होत असेल तर मी त्याला अडवणार नाही. त्या मेंढवाड्याबाहेर त्याला दुसरं जगणंच माहीत नाही. पण बरा होत नसेल..."

वाक्य त्यांनी तिथेच ठेवले. आणि मला ती गोळी आठवली.

आम्हाला हे ठाऊक होते. पुस्तकात होते. माणसाने दात घट्ट आवळले, किंवा दुसऱ्या हाताची मूठ वळली, की मेंदूतला सारा मुलूखच सावध होतो, हाताचा कोपराही. हात झोपल्यासारखा दिसतो, भोंगा शांत असतो, पण आत कोणीतरी त्याला खांद्याला धरून उठवून बसवलेले असते. अबेलार्दोने पुस्तक वाचले नव्हते. भोंगा फक्त हाताचे ऐकतो एवढेच त्याला सांगितले गेले होते, आणि मेंढी धरताना दात आवळायची सवय तर त्याच्या तीन पिढ्यांची होती.

मी डॉक्टरीणबाईंना सांगितले. मला इतका वेळ सलग बोलताना त्यांनी कधी ऐकले नव्हते. त्या खुर्चीत बसल्या, चष्मा काढला, आणि म्हणाल्या, "आपण शांततेवर विश्वास ठेवला, निकानोर." मग म्हणाल्या, "त्याला उद्या बोलाव. एर्मिंदावहिनींनाही."

दुसऱ्या दिवशी तो आला तो मजेत होता. येताना आम्हा सगळ्यांसाठी चोरीपान, म्हणजे पावात घातलेले भाजके सॉसेज, बांधून आणले होते, गरम पावातून तिखट तेल झिरपून कागद लाल झाला होता. "निरोपाचं जेवण," तो म्हणाला. "मुक्या, खा. बेटावरून तुला मेंढीचं शिंग आणतो, फुंकायला. तेवढाच आवाज निघेल तुझा."

मी त्याचा हात पुसला, चकत्या लावल्या. भोंगा घरघरला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज थोडं वेगळं करायचंय, भाऊ. तोंड उघडं ठेवा. दंतवैद्यासमोर ठेवता तसं, सैल."

तो हसायचा थांबला.

"आणि डावा हात वहिनींच्या हातात द्या. मूठ नको."

"हे कशाला?"

मग मीच बोललो. "दादा, तुमचा जबडा मला मागून दिसतो."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. राग नव्हता त्या नजरेत. डाव हरल्यावर पत्ते उलटे टाकून देतो तो माणूस जसा पाहतो, तसे काहीतरी होते. त्याने डावा हात बायकोच्या मांडीवर ठेवला. तिने तो दोन्ही तळव्यांत घेतला. त्याने तोंड उघडले, आणि एकाएकी तो फार म्हातारा दिसू लागला. तुटलेल्या दाढेची रिकामी जागा आत काळी दिसत होती.

यंत्राचा सूर चढला. कानाखालची जागा सपाट होती. मी खटका दाबला.

ठोक्याचा आवाज झाला. पापण्या मिटल्या, उघडल्या. हात टेबलावर होता तसाच होता.

डॉक्टरीणबाईंनी ठोका वाढवला. पुन्हा वाढवला. मी दाबत राहिलो. वाढवायला जागा उरली नाही, तेव्हा त्या थांबल्या. पडद्यावरची रेघ सामुद्रधुनीवर क्वचित येणाऱ्या वाराहीन सकाळसारखी सपाट होती, आणि भोंग्यातली ती शांतता, जिच्यावर आम्ही महिनोन्‌महिने विसंबलो होतो, ती आज पहिल्यांदा खरी होती.

"पुन्हा," अबेलार्दो उघड्या तोंडानेच म्हणाला.

मी पुन्हा दाबला. एर्मिंदाबाईंनी त्याचा डावा हात हळूच सोडला आणि उजवा, तारांसकट, आपल्या हातात घेतला. तो त्यांच्या तळव्यात घडी न केलेल्या कपड्यासारखा पडून राहिला.

"इतके महिने तो हात मी दातांनी उचलत होतो," शेवटी तो म्हणाला. "दात आहेत अजून."

डॉक्टरीणबाईंनी त्याला बजावले. समजावले, विनवले, शेवटी आवाजही चढवला. या हाताने कातर धरायची नाही. तापलेल्या मेंढवाड्यात तर नाहीच. तो ऐकत होता. जाताना त्याने माझ्या गालावर डाव्या हाताने हलकी चापट मारली. "एकदाच बोललास, मुक्या. पण काय बोललास!"

सोमवारी मी धक्क्यावर गेलो. वारा असा होता, की माणसे तिरपी उभी होती. टोळीचा ट्रक बोटीत चढायच्या रांगेत होता आणि मुकादम रुपेर्तो टोपी छातीशी धरून नावे पुकारीत होता. एर्मिंदाबाई त्याच्यासमोर उभ्या होत्या.

"वहिनी, माझी दोन माणसं कमी आहेत," तो ओरडून सांगत होता, कारण वाऱ्यात ओरडल्याशिवाय काही पोचत नव्हते. "अबेलार्दो म्हणतोय हात चालतो, तर चालतो. एका हाताचा अबेलार्दो या दोन हातांच्या गाढवांपेक्षा बरा!"

ट्रकमधली गाढवे हसली. अबेलार्दोही हसला, तोंड मिटून. मला पाहताच त्याने ट्रकमधून हाक मारली, "मुक्या आला रे निरोपाला! ये, तुला एक गंमत दाखवतो."

त्याने उजवा हात डाव्या हाताने उचलून पुढे धरला. तळव्याभोवती कातड्याचा रुंद पट्टा होता. मनगटावर बकल, आणि मधे कातरीची मूठ सरकवण्यापुरती जागा.

"आता पडायची नाही," तो म्हणाला. "हातानं ऐकलं तरी, नाही ऐकलं तरी."

"आणि मेंढीनं लाथ झाडली तर?" मी विचारले. "आधी काय सोडायचं?"

त्याने पट्ट्यासकट हात अंगाशी ओढून घेतला. ट्रक हलला. चाके बोटीच्या फळीवर धडधडली आणि आत गेली. आम्ही दोघेच राहिलो, एर्मिंदाबाई आणि मी, धक्क्याचा दोर धरून.

"पट्टा मीच शिवला," त्या समोर पाहत म्हणाल्या. "नाहीतर त्यानं दातांनी बांधला असता. पण मी नुसता धावदोरा घातला होता, कच्च्या दोऱ्याचा. म्हटलं, हिसका बसला की उसवेल, कातर गळून पडेल, मांडी वाचेल."

"मग बरंच केलंत."

"आज सकाळी बॅग भरताना हातात आला," त्या म्हणाल्या. "उलटून बघितला. माझा दोरा काढलेला होता. मोच्याकडं नेऊन मेणाच्या दोऱ्यानं दुहेरी शिवून आणलाय त्यानं. मी नखानं ओढून पाहिलं, दातानं ओढून पाहिलं. हलला नाही."

बोटीची फळी साखळ्यांवर कुरकुरत वर उचलली गेली. डेकवर तो कठड्याला टेकून उभा होता, पट्टा बांधलेला हात अंगाशी धरून, बेटाकडे तोंड करून. यंत्राचा सूर चढावा तसे बोटीचे इंजिन चढत गेले, आणि एवढ्या दुरूनही मला वाटले, की त्याच्या कानाखाली ती गोळी वर सरकली आहे, आणि या खेपेस ती खाली येत नाही.